फोन हँग होतो तेव्हा: रॅम, स्टोरेज आणि मागे चालणारी ॲप्स

इंदूरच्या जेल रोडला फोन घ्यायला गेलं की काउंटरवरचा मुलगा आधी हेच विचारतो, "चार-चौसष्ट दाखवू की सहा-एकशेअठ्ठावीस?" या जोडीतला पहिला आकडा रॅमचा, दुसरा स्टोरेजचा. दोन्ही जीबीत मोजतात आणि घरी आपण दोन्हींना 'मेमरी'च म्हणतो, त्यामुळे "मेमरी फुल झालीय" या एका तक्रारीमागे दोन वेगळी दुखणी असू शकतात. फोटो पुसून रॅम मोकळी होत नाही. ॲप्स बंद करून स्टोरेज मोकळं होत नाही. मेमरी कार्ड घातलं तर फोटो-व्हिडिओंना जागा मिळते, रॅमला त्याचा काही उपयोग नाही.

कुठलं दुखणं आहे ते ओळखायची खूण सोपी आहे. फोटो काढताना 'जागा नाही' असा निरोप येतो, व्हॉट्सॲपवरचे फोटो उतरत नाहीत, ॲपचं अपडेट अर्ध्यावर अडकतं, तर अडचण स्टोरेजची. एका ॲपमधून दुसऱ्यात जाऊन परत आलं की पहिलं सुरुवातीपासून उघडतं, कीबोर्ड वर यायला वेळ लावतो, ऐकत असलेलं गाणं मध्येच थांबतं, तर रॅम कमी पडतेय.

पुढच्या पायऱ्या अँड्रॉइड फोनसाठी आहेत. आयफोनचं शेवटाकडे थोडक्यात आहे, कारण तिथे करण्यासारखं फारसं नसतं. मेनूंची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. नाव सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर भिंगाचं चिन्ह असतं, तिथे शब्द टाकून शोधा.

रॅम भरलेली दिसली म्हणून घाबरू नका

बहुतेक जणांची चूक इथे होते, म्हणून थोडं सविस्तर. चार जीबी रॅमच्या फोनात साडेतीन जीबी वापरलेली दिसली की वाटतं, फोन गुदमरतोय. तसं नसतं.

सराफ्याचं उदाहरण घ्या. दिवसभर तिथे सोन्याचांदीच्या पेढ्या. रात्री पेढ्या वाढवल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी यांचे ठेले लागतात. जागा नुसती मोकळी ठेवून कुणाचाच फायदा नसतो, आणि सकाळी पेढी उघडायच्या आत ठेले उठलेले असतात. रॅमचं अगदी असंच आहे. तुम्ही एखाद्या ॲपमधून बाहेर पडलात की अँड्रॉइड त्याला लगेच हाकलत नाही, जागा आहे तोवर बसू देतो. अलीकडच्या फोनांत अशा ॲपला गोठवूनच ठेवतात. म्हणजे त्याने रॅम अडवलेली असते, पण प्रोसेसरचा वेळ त्याला मिळत नाही, त्यामुळे बॅटरी खायलाही ते मोकळं नसतं. तुम्ही परत आलात की ते जिथे होतं तिथून लगेच समोर येतं.

जागा कमी पडली तर फोन आधी रॅममधला न लागणारा भाग दाबून लहान करतो. तेवढ्याने भागलं नाही तर 'लो मेमरी किलर' नावाची यंत्रणा कामाला लागते. प्रत्येक ॲप किती गरजेचं आहे याचे तिच्याकडे गुण असतात. पडद्यावर असलेलं ॲप सगळ्यात शेवटी जातं, त्याच्या आधी वाजत असलेलं गाणं किंवा चालू असलेला नकाशा, आणि कधीचं मागे पडलेलं ॲप सगळ्यात पहिल्यांदा. हे सगळं तुमच्या मदतीशिवाय होतं.

म्हणून चौकोनी बटण दाबून सगळी ॲप्स वर सरकवून टाकायची, ही दर अर्ध्या तासाची सवय सोडा. पुसलेलं ॲप पुन्हा उघडताना फोनला ते स्टोरेजमधून पहिल्यापासून वाचावं लागतं, प्रोसेसर पळवावा लागतो. वेळ जास्त आणि बॅटरीही जास्त. दिवसातून वीस वेळा उघडायचं व्हॉट्सॲप वीस वेळा पुसणं म्हणजे वीस वेळा गाडी बंद करून पुन्हा किक मारणं. शिवाय काही कंपन्यांच्या फोनांत वर सरकवलं की ॲप 'फोर्स स्टॉप' होतं. तसं झालं की ते ॲप तुम्ही हाताने उघडेपर्यंत त्याच्या सूचना येत नाहीत. "मेसेज उघडल्यावरच येतात" ही तक्रार ज्या घरांत आहे, तिथे आधी ही सवय तपासा.

ॲप्स पुसण्याचा सल्ला एके काळी योग्य होता. २००८ सालच्या पहिल्या अँड्रॉइड फोनात रॅमच १९२ एमबी होती. पुढे २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं, तेव्हापासून फोन पडून असला की मागच्या ॲप्सचं इंटरनेट आणि बाकीची कामं फोन स्वतःच लांबवतो. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून कुठलं ॲप तुम्ही किती वापरता त्यावरून त्याला मोकळीक द्यायची की आवळायचं, हेही फोन ठरवतो.

एखादं ॲप अडकलंय, पडदा हलतच नाही, तेव्हा मात्र जरूर वर सरकवा. ती सोय त्यासाठीच आहे.

एक फोन समोर ठेवून

समजा रामबागेत राहणाऱ्या आजींचा फोन आहे. चार-चौसष्टचा, तीन वर्षं जुना. घरचे तीन, सोसायटीचा एक, भजनी मंडळाचा एक, असे व्हॉट्सॲपचे पाच ग्रुप. नातू पुण्याला, त्याच्याशी रोज व्हिडिओ कॉल. कॉल चालू असताना फोटो बघायला गेलं की कॉल अडखळतो, आणि संध्याकाळपर्यंत फोन जड चालतो. हा फोन खालच्या क्रमाने तपासायचा. क्रम बदलू नका, कारण निम्म्या फोनांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांतच होतं.

पायरी १. रीस्टार्ट.

पॉवर बटण दाबून 'रीस्टार्ट' निवडा. नुसता पडदा बंद करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. काही ॲप्समध्ये दोष असतो, त्यांनी घेतलेली रॅम ती परत करत नाहीत आणि फोन आठवडे न् आठवडे चालू राहिला की हे साचत जातं. आठवड्यातून एकदा पुरे. सुरू झाल्यावर पिन टाकून लॉक उघडा, कारण पिन टाकेपर्यंत बहुतेक ॲप्स जागीच होत नाहीत. त्यानंतर दोन-तीन मिनिटं फोनला हात लावू नका. या वेळात तो बरंच काही एकदम उचलत असतो आणि तेव्हा हळू चालणारच.

पायरी २. स्टोरेज किती उरलंय?

सेटिंग्ज → स्टोरेज. चौसष्ट जीबीच्या फोनात सिस्टम आणि आधीपासूनची ॲप्स मिळून पंधरा-वीस जीबी नवा असतानाच गेलेले असतात. दहा ते पंधरा टक्के, म्हणजे सात ते दहा जीबी, कायम मोकळे हवेत. आजींच्या फोनात सव्वा जीबी उरलाय असं दिसलं तर पुढचं काही बघण्याआधी इथेच थांबायचं. फोनच्या स्टोरेजमध्ये लिहिताना लहान तुकड्यात लिहिता येतं, पण पुसताना मोठा पट्टा एकदम पुसावा लागतो. मोकळे पट्टे संपत आले की एक ओळ लिहायलाही आधी जुना माल इकडून तिकडे हलवावा लागतो. मग रॅम कितीही असो, फोन रांगतो.

जागा कुठे जाते? आपल्याकडे उत्तर बहुतेक एकच असतं. व्हॉट्सॲप उघडा, सेटिंग्ज → स्टोरेज अँड डेटा → मॅनेज स्टोरेज. वर 'पाच एमबीपेक्षा मोठ्या' आणि 'पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या' असे दोन कप्पे दिसतात. आधी फॉरवर्डचा उघडा, बहुतेक सगळं निर्धास्त काढता येतं. मोठ्या फाइलींच्या कप्प्यात मात्र एकेक बघून काढा. नातवाच्या मुंजीचा व्हिडिओही तिथेच असतो.

मग त्याच 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये मीडिया आपोआप उतरवण्याच्या तीन ओळी आहेत: मोबाईल डेटावर, वायफायवर आणि रोमिंगमध्ये. तिन्हींतून व्हिडिओची खूण काढा. वायफायची ओळ लोक विसरतात, आणि घरी वायफाय असेल तर खरी भर तिथूनच होते. 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केल्याने जागा वाचते असा एक समज आहे. त्याने नव्याने आलेले फोटो फक्त गॅलरीत दिसेनासे होतात, फोनमध्ये ते असतातच.

स्वतः काढलेल्या व्हिडिओंचा हिशोबही लक्षात असू द्या. फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण १३० एमबी घेतो, फोरके साधारण ३५० एमबी. नव्या पद्धतीने दाबून साठवणाऱ्या फोनांत हे निम्म्यावर येतं. अनंत चतुर्दशीला झांक्या (चित्ररथ) बघत फोरकेत वीस मिनिटं शूट केलं तर सात जीबी गेले. रंगपंचमीच्या गेरीच्या मिरवणुकीचंही तेच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फुल एचडी करून ठेवा. फोनच्या पडद्यावर बघताना फरक जाणवत नाही.

पुसलेले फोटो लगेच जात नाहीत, हेही माहीत हवं. ते गॅलरीच्या किंवा गूगल फोटोजच्या 'ट्रॅश'मध्ये पडून राहतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले ६० दिवस, न झालेले ३० दिवस. जागा आजच हवी असेल तर ट्रॅशही रिकामा करा. आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना तिथून फोटो पुसला तर तो क्लाउडवरूनही, म्हणजे गूगलकडच्या ऑनलाइन साठ्यातूनही जातो. फक्त फोनमधला काढायचा असेल तर 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरा.

'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा' ही दोन बटणं शेजारी-शेजारी असतात. कॅश म्हणजे ॲपने सोयीसाठी ठेवलेला तात्पुरता साठा, तो पुसला तर काही बिघडत नाही, पण वापरलं की पुन्हा भरतो, म्हणून रोज पुसण्यात अर्थ नाही. डेटा पुसला तर ॲप कोऱ्या पाटीसारखं होतं. व्हॉट्सॲपचं आधी बॅकअप घेतलेलं नसेल तर चॅट गेलेच, आणि यूपीआयच्या ॲपमध्ये एसएमएस पाठवून पहिल्यापासून नोंदणी करावी लागते. आईबाबांचा फोन हाताळताना या दुसऱ्या बटणावर बोट पडू देऊ नका.

पायरी ३. रॅम कोण घेतंय ते बघा.

ही माहिती थोडी आत दडवलेली असते. सेटिंग्ज → अबाउट फोन → बिल्ड नंबर. या बिल्ड नंबरवर सलग सात वेळा टिचकी मारली की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. काही फोनांत बिल्ड नंबरऐवजी कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीच्या नावावर टिचकी मारावी लागते. आता डेव्हलपर ऑप्शन्स → मेमरी → मेमरी यूज्ड बाय ॲप्स. अगदी नव्या फोनांत ही नोंद आधी सुरू करावी लागते, त्यासाठी फोन एकदा रीस्टार्ट होतो.

वरती काळ निवडता येतो: ३ तास, ६, १२ की पूर्ण दिवस. 'एक दिवस' निवडा. यादीत 'अँड्रॉइड सिस्टम' सगळ्यात वर असेल, ते ठीक आहे. त्याच्या खालची पाच-सहा नावं वाचा. रोज वापरता ती ॲप्स असतील तर हरकत नाही. आजींच्या फोनात इथे एखादं 'क्लीनर', एखादा थीम बदलणारा लाँचर, लॉक स्क्रीनवर रोज नवं चित्र दाखवणारी सोय, किंवा नातवाने सुट्टीत टाकलेला गेम दिसला, तर तोच चोर. पकडा.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये आलाच आहात तर एक उपयोगी गोष्ट करून घ्या. 'विंडो ॲनिमेशन स्केल', 'ट्रान्झिशन ॲनिमेशन स्केल' आणि 'ॲनिमेटर ड्युरेशन स्केल' या तिन्हींवर १ असतो, तो ०.५ करा. पडदे उघडण्या-मिटण्याचा वेळ निम्मा होतो. रॅम वाढत नाही, पण फोन हलका वाटतो, आणि जुन्या फोनला ते पुष्कळ आहे.

दोन पर्यायांना मात्र हात लावू नका. 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू केलं तर पडदा सोडल्याबरोबर फोन तो मोडून टाकतो. 'बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट' कमी केलं तर मागे ठेवलेली ॲप्स सरसकट जातात. हे दोन्ही ॲप बनवणाऱ्यांच्या चाचणीसाठी आहेत. "यानं फोन सुसाट होतो" असं व्हिडिओत ऐकून लोक ते चालू करतात आणि मग दर वेळी ॲप नव्याने उघडतं म्हणून हैराण होतात.

पायरी ४. मागे खरंच कोण चालतंय?

गोठून बसलेल्या ॲपचा त्रास नाही हे वर पाहिलं. त्रास जागे राहणाऱ्यांचा. अँड्रॉइड १३ किंवा पुढचं असेल तर वरून दोन बोटांनी पूर्ण पडदा खाली ओढा. तळाशी 'दोन ॲप्स चालू आहेत' अशा अर्थाची ओळ दिसते. तिच्यावर दाबलं की नावं येतात आणि प्रत्येकासमोर 'स्टॉप' बटण असतं. नकाशाचा रस्ता बंद करायचा राहिला, कॉल रेकॉर्ड करणारं ॲप चालू राहिलं, हे सगळं इथे सापडतं. ही ओळ काही फोनांत नसते. तिथे सेटिंग्ज → बॅटरी → बॅटरी युसेज उघडा आणि ज्या ॲपचा पडद्यावरचा वेळ पाच मिनिटं आणि मागचा वेळ तीन तास आहे, असं नाव शोधा. गाण्याचं ॲप असेल तर ते साहजिक आहे. खरेदीचं ॲप असेल तर नाही.

पायरी ५. त्याला आवर घाला.

ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो' उघडा, तिथे 'बॅटरी'. तीन पर्याय असतात. 'अनरिस्ट्रिक्टेड' म्हणजे पूर्ण मोकळीक, 'ऑप्टिमाइझ्ड' म्हणजे फोन ठरवेल तेवढी, 'रिस्ट्रिक्टेड' म्हणजे मागे जवळपास काहीच नाही. बहुतेक ॲप्स मधल्या पर्यायावर असतात आणि तीच योग्य जागा आहे. खरेदीची, बातम्यांची, लहान व्हिडिओंची, सेल असला की दिवसाला दहा सूचना टाकणारी ॲप्स रिस्ट्रिक्टेडवर टाका. उघडली की ती नेहमीसारखीच चालतात.

सॅमसंगमध्ये बॅटरीच्या खाली 'बॅकग्राउंड युसेज लिमिट्स' आहे, तिथल्या 'डीप स्लीपिंग'मध्ये टाकलेलं ॲप तुम्ही उघडाल तेव्हाच चालतं. शाओमी, ओपो, विवो, रियलमी यांच्या फोनांत 'ऑटोस्टार्ट' किंवा 'ऑटो लाँच' नावाची यादी असते. फोन सुरू होताच आपणहून उठणारी ॲप्स तिथे बंद करता येतात. सहा महिन्यांत न उघडलेलं ॲप असेल तर ते सरळ काढा. काढता येत नसेल, कंपनीनेच टाकलेलं असेल, तर 'डिसेबल' करा.

पायरी ६. ज्यांना अडवायचं नाही त्यांची यादी.

ही पायरी लोक विसरतात आणि मग फोनला दोष देतात. अलार्म, औषधाची वेळ सांगणारं ॲप, रक्तातली साखर मोजणाऱ्या सेन्सरचं ॲप, घड्याळाचं ॲप, व्हॉट्सॲप, आणि घरच्यांना आपलं ठिकाण दिसावं म्हणून ठेवलेलं ॲप यांना अनरिस्ट्रिक्टेड करा. ऑटोस्टार्टची यादी असलेल्या फोनांत तिथेही चालू करा, नाही तर एकीकडून मोकळीक आणि दुसरीकडून कुलूप असं होतं. त्याच फोनांत अलीकडच्या ॲप्सच्या पडद्यावर ॲपचं कार्ड दाबून धरलं की कुलपाचं चिन्ह येतं. ते लावलं की 'सगळं पुसा' दाबूनही ते ॲप राहतं. आजींच्या फोनात व्हॉट्सॲप आणि औषधाच्या ॲपला हे कुलूप लावूनच ठेवा.

महापालिकेकडे तक्रार करायच्या 'इंदूर ३११' सारखी, काम असेल तेव्हाच उघडायची ॲप्स मधल्या पर्यायावर ठीक असतात. एक लक्षात ठेवा: काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड ११ पासून फोन आपोआप काढून घेतो. वर्षातून दोनदा वापरायचं बँकेचं ॲप एकदम "एसएमएसची परवानगी द्या" म्हणू लागलं तर घाबरायचं कारण नाही. ते नको असेल तर ॲप इन्फोमध्ये सगळ्यात खाली 'न वापरल्यास ॲपचं काम थांबवा' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो बंद करा.

ओटीपी बघून परत येईतो फॉर्म कोरा

कमी रॅमच्या फोनावरची ही सगळ्यात चिडवणारी गोष्ट, म्हणून वेगळं लिहितो. पुण्याच्या गाडीचं तत्काळ तिकीट काढताय. एसीचं बुकिंग सकाळी १० ला, विनाएसीचं ११ ला उघडतं, हातात मिनिटं मोजकी. प्रवाशांची नावं भरली, पैशांच्या पानावर आलात, ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात, परत आलात तर पान पुन्हा पहिल्यापासून. मधल्या पाच सेकंदांत फोनला जागा हवी होती आणि त्याने मागे गेलेलं पान उठवलं. तक्रारीच्या ॲपमधून फोटो काढायला कॅमेरा उघडला तरी असंच होतं, कारण कॅमेरा हा रॅमचा मोठा गिऱ्हाईक आहे.

यावर उपाय: अशा कामाआधी दहा मिनिटं फोन रीस्टार्ट करून ठेवा. गेम, कॅमेरा, व्हिडिओ उघडू नका. ब्राउझरच्या जुन्या टॅब बंद करा. ओटीपी आला की मेसेजचं ॲप न उघडता वरून पट्टी थोडी खाली ओढून तिथेच वाचा, समोरचं पान हलत नाही. प्रवाशांची नावं आधीच खात्यात साठवून ठेवा. एवढं केलं तर चार जीबीचा फोनही निभावतो.

एवढं करूनही फोन जडच चालत असेल

सेफ मोडमध्ये चालवून बघा. पॉवरचा मेनू उघडा, 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरा, 'सेफ मोड'चा प्रश्न येईल, ओके करा. आता फोनसोबत आलेलीच ॲप्स चालतील, तुम्ही टाकलेली सगळी गप्प. अर्धा तास वापरा. फोन झटपट चालला तर दोषी तुम्ही टाकलेल्या ॲप्सपैकीच एक आहे. रीस्टार्ट करून नेहमीच्या मोडमध्ये या आणि सगळ्यात शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत चला. सेफ मोडमध्येही तसाच जड राहिला तर स्टोरेज, बॅटरी किंवा फोनचं वय याकडे बघायचं.

उन्हाळ्यात उष्णता हेही एक कारण असतं. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीच्या पुढे जातो. ॲपल स्वतःच्या फोनांसाठी ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगते, आणि बाकीच्या फोनांनाही याहून फार वेगळं मानवत नाही. फोन तापला की तो स्वतःच प्रोसेसरचा वेग उतरवतो, म्हणजे रॅम मोकळी असूनही हळू चालतो. स्कूटरच्या डिकीत ठेवलेला, किंवा चार्जिंगला लावून उशीखाली ठेवलेला फोन दुपारी अडखळला तर आधी कव्हर काढून पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

व्हर्च्युअल रॅमबद्दल

खोक्यावर '८ जीबीपर्यंत' लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरांत '४ + ४'. यातले दुसरे चार स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. सॅमसंगमध्ये याला 'रॅम प्लस' म्हणतात, बाकीच्यांची नावं वेगळी. स्टोरेजचा वेग रॅमच्या कितीतरी कमी असतो. मागची ॲप्स थोडी जास्त वेळ टिकतात, एवढाच याचा फायदा. फोनमध्ये भरपूर जागा मोकळी असेल तर चालू राहू द्या. चौसष्ट जीबीचा भरत आलेला फोन असेल तर बंद करून ती जागा परत घ्या, सेटिंग बदलल्यावर फोन रीस्टार्ट होतो. नवा फोन घेताना दुकानात खरी रॅम किती ते स्पष्ट विचारा. आज घेत असाल तर सहा-एकशेअठ्ठावीसच्या खाली जाऊ नका, असं आमचं ठाम मत आहे.

'क्लीनर' आणि 'बूस्टर' ॲप्स काढून टाका. ती बटण दाबलं की मागची ॲप्स मारतात, त्यातली बरीच लगेच पुन्हा उठतात, आणि मारण्या-उठण्यात बॅटरी जाते. क्लीनर स्वतः मात्र दिवसभर मागे जागा राहतो आणि जाहिराती दाखवतो. व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय थेट ॲप टाकणारी फाइल) पाठवून 'हे टाका, फोन फास्ट होईल' असं कुणी सांगितलं तर ती उघडूही नका, ओळखीच्या नंबरावरून आली तरी नको. लग्नाची पत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून अशाच फाइली पाठवून खात्यातले पैसे काढले जातात. चुकून टाकली असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. उशीर करू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

आयफोन असेल तर

ॲप्स वर सरकवून पुसायची गरज इथे तर अजिबात नाही. अडकलेलं ॲप सोडलं तर पुसू नका, असं ॲपलच सांगते. सेटिंग्ज → जनरल → बॅकग्राउंड ॲप रिफ्रेशमध्ये न लागणाऱ्या ॲप्सचं बटण बंद करा. जागा कमी असेल तर जनरल → आयफोन स्टोरेजमध्ये 'ऑफलोड' आहे: ॲप जातं, त्यातली तुमची माहिती राहते, पुन्हा टाकलं की तिथूनच सुरू.

शेवटचा उपाय, फॅक्टरी रीसेट

दुकानात "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणतात, त्यातलं बरंचसं काम घरीच होतं. पण आधी चार गोष्टी तपासा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज → चॅट्स → चॅट बॅकअपमध्ये आजची तारीख दिसते का? हा बॅकअप गूगल खात्याच्या मोफत १५ जीबीत मोजला जातो, तिथे जागा नसेल तर तो होतच नाही. फोन नंबर गूगल खात्यात आहेत की फक्त फोनमध्ये? फोटोंची प्रत संगणकावर किंवा क्लाउडवर उतरलीय का? आणि गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय का? रीसेटनंतर फोन तेच जुनं खातं मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून केलेलं हे कुलूप आहे, पासवर्ड विसरलेल्या मालकालाही ते तितकंच आडवं येतं. आजींचं खातं नातवाने उघडून दिलेलं असेल तर त्याला आधी फोन करा.

रीसेट झाल्यावर जुन्या बॅकअपमधून सगळी ॲप्स एकदम परत घेऊ नका. फोन, व्हॉट्सॲप, बँक, यूपीआय, नकाशे एवढ्यावर तीन-चार दिवस काढा, मग लागेल तसं एकेक टाका. पहिले एक-दोन दिवस फोन फोटो आणि ॲप्स मागे लावत असतो, त्यामुळे गरम होईल आणि बॅटरीही लवकर उतरेल. रीसेटचा फरक पडला का, ते तिसऱ्या दिवशी बघा.